खोक्याची ताकद उधारीची असते

ऐकण्यापेक्षा वाचायला ज्यांना बरं वाटतं त्यांच्यासाठी हा नव्या भागाचा लिखित मजकूर. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'अॅक्च्युअली' थोडे कमी केलेत, बाकी जसंच्या तसं.

आजचा विषय तुमच्या घरात कुठेतरी पडलेला असणार. ऑनलाइन मागवलेल्या वस्तूचं रिकामं खोकं. ते हातात घ्या, एक कोपरा फाडा आणि फाटलेली कड उजेडात धरा. केसापेक्षा बारीक तंतू बाहेर आलेले दिसतील. हे तंतू बहुतेक झाडांचे. पण ते झाडातून थेट तुमच्या घरी आलेले नाहीत. भारतात बनणाऱ्या कागदापैकी ७० टक्क्यांहून जास्त कागद रद्दीपासून बनतो, आणि तपकिरी खोक्यांमध्ये तर रद्दीचाच भरणा. म्हणजे तुमच्या हातातला एखादा तंतू आधी वर्तमानपत्रात असेल, कुणाच्या वहीत असेल, किंवा अमेरिकेतल्या एखाद्या सुपरमार्केटच्या बॉक्समधून जहाजाने इथे आला असेल.

आता गंमत बघा. दरवेळी रद्दी होऊन परत कागद होताना हा तंतू थोडा कमजोर होतो. तरी त्याच्यापासून बनलेलं खोकं दहा किलोचं मिक्सर-भांड्यांचं ओझं पेलतं. हे कसं जमतं?

थोडक्यात उत्तर, रसायनांमुळे. लांब उत्तर म्हणजे आजचा भाग. मी कॉम्प्युटरची बीटेक, केमिस्ट्रीशी संबंध फर्स्ट इयरपुरता. पण हा इतिहास वाचताना मला सारखं आमच्या कामातलं काहीतरी आठवत राहिलं. प्रत्येक पिढीने कागदाला नवी ताकद मिळवून दिली, आणि जवळपास प्रत्येक वेळी त्या ताकदीचं बिल दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर फाडलं.

०१:५० | द्राक्ष आणि मनुका

आधी कागद उभा कसा राहतो ते समजून घेऊ. साध्या कागदात तंतूंना चिकटवायला डिंक लागत नाही. लगदा म्हणजे पाण्यात तरंगणारे सेल्युलोजचे तंतू. पाणी निथळलं, सुकलं, की तंतू एकमेकांना भिडतात आणि त्यांच्यात हायड्रोजन बंध तयार होतात. एक बंध अगदी किरकोळ असतो, पण असे कोट्यवधी बंध मिळून कागद होतो. म्हणून कागदाची ताकद जितकी तंतूत, तितकीच तंतूंच्या सांध्यात असते.

ताज्या लगद्यातला तंतू पाणी पिऊन फुगलेला असतो. मऊ आणि लवचिक. शेजारच्या तंतूला छान बिलगतो. पण एकदा सुकला की त्याच्या भिंतीतली बारीक छिद्रं मिटतात आणि काही कायमची चिकटतात. नंतर कितीही भिजवा, तो पहिल्यासारखा फुगत नाही. मनुका पाण्यात टाकला तर टपोरा होतो, पण त्याचं परत द्राक्ष होत नाही ना, अगदी तसंच.

जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग जायमे यांनी १९४४ मध्ये हा प्रकार नोंदवला आणि त्याला जे नाव दिलं त्याचा अर्थ होतो 'शिंगासारखं होणं'. तंतू शिंगासारखा ताठर होतो. ताठर तंतू शेजाऱ्याला कमी जागी टेकतो, म्हणून सांधे कमी आणि कागद कच्चा.

यावर पहिला उपाय म्हणजे लगदा यंत्रात परत कुटणं. त्याने तंतूची साल सुटते, पिसारा येतो, पकड वाढते. पण जास्त कुटलं तर तंतूच तुटतो, चुरा वाढतो, आणि कागदाच्या मशीनवर पाणी निथळायला वेळ लागतो. मशीन हळू चाललं की मालकाचा तोटा. म्हणून दुसरा उपाय, बाहेरून काहीतरी घालायचं.

०४:०० | खळ लावलेला कागद

बाहेरून घालायची पहिली गोष्ट आपल्या आज्यांना चांगली माहीत होती. खळ! सुती साडीला लावतात तीच.

आपल्याकडच्या हातकागदाला तांदळाची किंवा गव्हाची खळ लावायचे, वाळवायचे, आणि मग गुळगुळीत दगडाने घोटायचे. छत्रपती संभाजीनगरजवळ, दौलताबादहून खुलताबादकडे जाताना कागजीपुरा नावाचं गाव लागतं. नावातच कागद आहे. तिथे पिढ्यान्‌पिढ्या हेच काम चालायचं. आपल्याकडे जुन्नरचा कागदही नावाजलेला होता. कच्चा माल काय, तर चिंध्या, जुने दोर, तागाची गोणपाटं, वापरलेला कागद. म्हणजे 'रिसायकल' हा शब्द यायच्या कितीतरी आधी इथला कागद टाकाऊ मालातूनच होत होता, आणि खळ त्याला अंग देत होती.

युरोपात खळीच्या जागी सरस आला. जनावरांची कातडी आणि हाडं उकळून काढलेला. रद्दी परत वापरायची खटपट तिथेही सुरू झाली. १७७४ मध्ये ग्योटिंगेनचे कायद्याचे प्राध्यापक युस्टुस क्लाप्रोट यांनी छापील कागदाची शाई धुऊन परत कागद करायची पद्धत प्रसिद्ध केली. १८०० मध्ये लंडनमध्ये मथायस कूप्स यांनी तशाच कामाचं पेटंट घेतलं आणि मोठी गिरणी उभारली. काही वर्षांतच ती बुडाली. मला हे फार ओळखीचं वाटलं. डेमो उत्तम, धंदा बसला!

०५:३० | राळ, तुरटी आणि पहिलं मोठं बिल

१८०७ मध्ये मोरिट्झ फ्रीड्रिख इलिग या जर्मन माणसाने एक पुस्तिका काढली. तिच्यात सरसाला स्वस्त पर्याय होता, राळ आणि तुरटी. लगद्यातच हे दोन्ही मिसळायचं, की कागदावर शाई फुटत नाही. प्रत्येक ताव सरसात बुडवायची कटकट संपली. पुढे कागद यंत्रावर व्हायला लागला आणि ही युक्ती जगभर गेली.

पण तुरटी आणि तिच्याच कुळातलं अॅल्युमिनियम सल्फेट आम्लधर्मी असतं. ते कागदात बसून राहतं आणि वर्षानुवर्षं सेल्युलोजची साखळी आतून तोडत राहतं. जुन्या पुस्तकाची पानं दुमडली की तुकडा हातात येतो ना, त्याचं हे एक मोठं कारण. अमेरिकेत विल्यम बॅरो यांनी १९०० ते १९४९ या काळात छापलेली ५०० पुस्तकं तपासली आणि १९५९ मध्ये निष्कर्ष मांडला की त्यातली बहुतेक पुढचं शतक बघणार नाहीत. १८०७ ची बचत, १५० वर्षांनी ग्रंथपालांच्या टेबलावर बिल.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात याला 'टेक्निकल डेट' म्हणतात. आज डेडलाइन गाठायला जुगाड करायचा, आणि तो निस्तरायला दोन वर्षांनी दुसराच कुणीतरी बसतो. तेव्हा आपण कंपनी सोडलेली असते.

रद्दीच्या दृष्टीने यात एक महत्त्वाचा धडा आहे. तुटलेला सांधा रसायनाने परत जोडता येतो. तुटलेला तंतू जोडता येत नाही.

०७:१० | ताकदीला नंबर मिळाला

आता खोक्याकडे येऊ. नालीदार कागदाचं पहिलं पेटंट इंग्लंडमध्ये १८५६ मध्ये निघालं, आणि ते चक्क उंच टोपीच्या अस्तरासाठी होतं. १८७१ मध्ये न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्स यांनी हा वळकट्यांचा कागद बाटल्या आणि कंदिलाच्या काचांभोवती गुंडाळायला वापरला. १८७४ मध्ये ऑलिव्हर लाँग यांनी त्याला सपाट कागद चिकटवला, आणि आजचा पुठ्ठा जन्माला आला. १८८४ मध्ये कार्ल डाल या जर्मन रसायनतज्ज्ञाला लाकडापासून मजबूत लगदा करायच्या पद्धतीचं अमेरिकन पेटंट मिळालं. तोच क्राफ्ट. जर्मन भाषेत क्राफ्ट म्हणजे ताकद.

तरी रेल्वे कंपन्यांचा विश्वास लाकडी पेटीवरच. अमेरिकेच्या पश्चिम भागात कागदी खोक्यातल्या मालाला जास्त भाडं लावायचे. प्रिडहॅम नावाच्या कंपनीने याविरुद्ध दाद मागितली आणि १९१४ मध्ये तिथल्या आंतरराज्य वाणिज्य आयोगाने खोक्यांच्या बाजूने निकाल दिला. पण मग खोकं पुरेसं मजबूत आहे हे ठरवायचं कसं? त्यासाठी १८८७ पासून एक यंत्र होतंच, जॉन मुलेन यांचं. कागद घट्ट पकडायचा, खालून रबरी पडद्याने दाब वाढवत न्यायचा, आणि फुटला त्या क्षणाचा आकडा लिहायचा. पुढे रेल्वेच्या नियमांत हीच चाचणी आली.

तो आकडा आजही आपल्या गल्लीत राज्य करतो. भोसरीत एक खोक्यांचं युनिट बघायला गेले होते. तिथे कुणी 'मजबूत कागद' म्हणत नाही. 'अठरा बीएफ द्या', 'बावीस बीएफचा रेट काय' असं चालतं. बीएफ म्हणजे बर्स्टिंग फॅक्टर. सोपा हिशोब आहे. १०० जीएसएमचा कागद जर चौरस सेंटीमीटरला १.८ किलो दाबावर फुटला, तर तो १८ बीएफ.

आणि ताकदीला एकदा नंबर मिळाला, की गिरणीवाल्याला एकच प्रश्न उरतो. रद्दी तीच ठेवून नंबर कसा वाढवायचा?

०९:२० | युद्ध आणि पाणी

त्याआधी पाण्याचा प्रश्न होता. हायड्रोजन बंध पाण्यात सुटतात, म्हणून ओला कागद क्षणात गळतो. नुसती दमट हवासुद्धा पुरते. शीतगृहात ९० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता असते, आणि तिथे साध्या खोक्याची उभी ओझं पेलायची ताकद निम्म्यावर येऊ शकते. नाशिकची द्राक्षं थंड कंटेनरमधून युरोपला पाठवणाऱ्यांना विचारा, खालच्या थरातलं खोकं दबलं की आत काय होतं ते.

दुसऱ्या महायुद्धात हाच प्रश्न सैन्यापुढे आला. रसद पावसात आणि समुद्रकिनाऱ्यावर उतरवायची होती. त्यासाठी अमेरिकन सैन्याने 'व्ही' खोकी बनवून घेतली. त्यांचा पुठ्ठा २४ तास पाण्यात बुडवून मग चाचणीला लावायचे. यामागे युरिया-फॉर्मल्डिहाइड आणि मेलॅमिन-फॉर्मल्डिहाइड ही रेझिनं होती. ती कागदात सुकताना पाण्याने न सुटणारी जाळी विणतात.

पण त्यांना काम करायला आम्लधर्मी लगदा लागायचा. म्हणजे परत इलिगचाच रोग. तोडगा सापडला हर्क्युलिस या अमेरिकन कंपनीत. तिथल्या जेराल्ड काइम यांना १९६० मध्ये पीएई नावाच्या रेझिनची पेटंटं मिळाली. हे आम्लाशिवाय चालतं. आजचा ओला होऊनही न फाटणारा किचन टॉवेल आणि चहाची टी-बॅग ही त्याचीच कृपा.

आणि बिल? रद्दीवाल्याकडे. पाण्यात न सुटणारा कागद गिरणीच्या टाकीतही सुटत नाही. त्याचे गोळे राहतात. सोडवायचा तर जास्त उष्णता, जास्त वेळ आणि आणखी रसायनं. शिवाय पीएई बनवताना घातक क्लोरीनयुक्त उपपदार्थ तयार होतात. ते कमी करायला कंपन्यांना पुढे नव्या पिढ्या काढाव्या लागल्या. थोडक्यात, पाण्यापासून कायमचा वाचवलेला कागद हा पुन्हा कागद व्हायला कटकटीचा कागद.

११:३० | खळ परत आली, विद्युतभार घेऊन

दरम्यान जुनी खळ नव्या रूपात परतली. लगद्यात साधा स्टार्च घातला तर तंतूला फारसा धरत नाही, बराचसा पाण्याबरोबर वाहून जातो. कारण पाण्यातल्या सेल्युलोजवर ऋण विद्युतभार असतो आणि स्टार्चवर भारच नसतो. १९५७ मध्ये नॅशनल स्टार्च कंपनीच्या कॉल्डवेल आणि वुर्झबर्ग यांना स्टार्चला धन भार देणाऱ्या प्रक्रियेचं पेटंट मिळालं. आता स्टार्च तंतूला लोहचुंबकासारखा चिकटायला लागला. ताठर झालेल्या दोन तंतूंमध्ये तो पुलासारखा बसतो. शिंगासारखं झाल्यामुळे गेलेले सांधे उसने परत आणतो.

छान ना? पण रद्दीच्या गिरणीतलं पाणी स्वच्छ नसतं. त्यात शाई, जुना डिंक, क्षार, आधीच्या जन्मातली रसायनं, आणि यातल्या बऱ्याच मळावरही ऋण भारच. म्हणजे तुम्ही महागाचा धन भाराचा स्टार्च ओतता आणि तंतूआधी कचराच तो पटकावतो. गिरणी पाणी वाचवायला तेच पाणी परत परत फिरवते, तसतसा हा त्रास वाढतो.

म्हणून अनेक गिरण्या कागद बनल्यावर वरून खळ चढवतात. दोन रोलांमधून कागद जातो आणि स्टार्च पितो. एका टनाला ४०-५० किलोपर्यंतसुद्धा. कागद कडक होतो आणि बीएफ वाढतो. पण ते खोकं परत रद्दीत आलं की वरची खळ पाण्यात सुटते, जिवाणू तिच्यावर ताव मारतात, आम्ल होतं, वास सुटतो, आणि सांडपाण्याचा भार वाढतो. गिरणीने पुन्हा नवा स्टार्च विकत घ्यायचा. हा मका-टॅपिओकाचा ईएमआय आहे, संपतच नाही.

१३:२० | वेळेवर सुटणारी गाठ

या सगळ्या गोष्टीत मला सर्वात आवडलेलं पान १९७१ चं आहे. अमेरिकन सायनामिड कंपनीच्या कॉशिया आणि विल्यम्स यांचं पेटंट. पॉलिअॅक्रिलअमाइड नावाच्या लांब साखळीला ग्लायॉक्सल जोडायचं. हे मिश्रण सेल्युलोजशी जो बंध करतं तो कोरड्यात घट्ट राहतो, थोडा वेळ ओलंही सोसतो, पण पाण्यात पडून राहिला की हळूहळू सुटतो.

म्हणजे खोक्यावर चार थेंब पडले तर चालेल. पण गिरणीच्या टाकीत तंतू मोकळा! हायवेवर भक्कम आणि रद्दीत नरम. पीएईसारखी कायमची गाठ नाही, सुरगाठ आहे. ओढली की सुटते.

फुकट काहीच नसतं. याचा मूळ घटक अॅक्रिलअमाइड विषारी आहे, म्हणून तयार मालात तो किती उरतो यावर लक्ष ठेवावं लागतं. हे द्रव जास्त दिवस टिकतही नाही, पिंपात आपोआप घट्ट होतं. म्हणून काही गिरण्या ते जागेवरच बनवतात. पण विचार बघा. पहिल्यांदा ताकदीबरोबर 'पुढच्या माणसाला हे सोडवता आलं पाहिजे' ही अटही पाळली गेली. चांगला कोड लिहिणारा माणूस हेच करतो. आपल्यानंतर फाइल उघडणाऱ्याचा विचार.

१४:४० | मग आपलं काय?

तुम्ही म्हणाल, हे सगळं गिरणीत, आमचा काय संबंध? आहे.

२०१७ मध्ये चीनने जाहीर केलं की परदेशातली मिसळीची रद्दी नको, आणि २०१८ पासून दारं बंद व्हायला लागली. कारण मुख्यतः घाण, म्हणजे अन्न, प्लास्टिक आणि ओल. तीच जगभरातली रद्दी मग भारतासह इतर देशांकडे जास्त वळली. रद्दी जितकी मळकी, तितकी जास्त रसायनं लागतात, हे मघाशी आपण पाहिलंच.

आणि ही साखळी गिरणीत सुरू होत नाही. पुण्यात १९९३ मध्ये कचरा वेचणाऱ्यांची संघटना उभी राहिली, तिचं नावच 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत'. पहिला शब्द कागद. २००८ पासून 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था महापालिकेबरोबर घरोघरचा कचरा गोळा करते. यात बायकांची संख्या मोठी आहे. त्यांच्या हातात पडलेला पुठ्ठा कोरडा असेल तर त्याला भाव मिळतो. त्यावर डाळ सांडली असेल, ओल्या कचऱ्यात भिजला असेल, तर वजन कापतात किंवा घेतच नाहीत. रसायनशास्त्राच्या २०० वर्षांच्या साखळीतलं सर्वात छोटं बिल रोज सकाळी त्यांच्या नावावर फाटतं, आणि फाडणारे आपण असतो.

त्यामुळे आजचा गृहपाठ दोन मिनिटांचा आहे. खोकं आलं की चिकटपट्टी काढा, खोकं सपाट करा, आणि ओल्या कचऱ्यापासून लांब, कोरडं ठेवून द्या. पिझ्झाच्या बॉक्सचं कोरडं झाकण वेगळं काढा, तेलकट तळ त्यात घालू नका. तंतू परत द्राक्ष होणार नाही. पण निदान त्याचा चांगला मनुका तरी राहील, आणि पुढच्या माणसाला खळ थोडी कमी लागेल.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरात कुणी खोक्यांच्या किंवा रद्दीच्या धंद्यात असेल तर त्यांना हा भाग ऐकवा आणि ते काय म्हणाले ते मला नक्की कळवा. अठरा बीएफवाल्यांची मतं मला हवीच आहेत. पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या!